विमा आमचा, गाडी त्यांची

मराठी मध्यमवर्गीय माणूस कुठेही राहायला गेला, तरी कागदांची एक फाईल त्याच्याबरोबर जातेच. न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या कुठल्याही मराठी घरात जा. बेडरूमच्या कपाटात, हिवाळी जाकिटांच्या मागे, ती उभी असते. तिच्यात जन्माचे दाखले असतात, लग्नाचं सर्टिफिकेट असतं, व्हिसाच्या काळातली सगळी पत्रं असतात आणि दहावीची मार्कशीटही असते. ही मार्कशीट या देशात आजवर कुणी मागितलेली नाही. पण मागितलीच, तर साक्षांकित प्रतीही तयार आहेत. इतक्या तयारीच्या लोकांना कागदावरून पेचात पकडणं सोपं नाही. परराज्यातल्या विमानतळावर भाड्याने गाड्या देणारा काउंटरवरचा मुलगा मात्र ते सहज करून दाखवतो.

त्याचा पहिला प्रश्न साधा असतो. आमच्या कंपनीचं संरक्षण घेणार, की तुमचा स्वतःचा विमा आहे? आहे म्हटलं की बऱ्याच ठिकाणी नुसती सही घेतात आणि गाडी कुठे उभी आहे ते सांगतात. पण काही काउंटरांवर, त्यातही डेबिट कार्डाने पैसे भरणाऱ्याला, पुढचा प्रश्न येतो. तुमचा विमा आमच्या गाडीला लागू होतो, याचा पुरावा?

पुण्या-नाशकातल्या वाचकाला इथे मूळ गोष्टच खटकेल. गाडी कंपनीची, तर विमा गिऱ्हाइकाचा कसा? आपल्याकडे विमा गाडीला चिकटलेला असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमाप्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या गाडीला निदान थर्ड पार्टी विमा लागतोच, आणि तो त्या गाडीच्या नंबरावर असतो. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची ‘रेंट अ कॅब’ घेतली, तर तिचे कागद तिच्याच डॅशबोर्डाच्या कप्प्यात असतात. तुमच्या घरच्या वॅगनआरचा हप्ता भरलाय का, हे पणजीत तुम्हाला कुणी विचारत नाही. विचारलं तर आपण भांडू. मालकाबरोबर या गाडीतून त्या गाडीत जाणारी एकच गोष्ट म्हणजे नो क्लेम बोनस, आणि ती आपण पोटच्या पोरासारखी सांभाळतो.

अमेरिकेतल्या घरगुती मोटार पॉलिसीला मात्र पाय असतात. ती तुमच्या गाडीसाठी काढलेली असते हे खरं. पण तुम्ही दुसऱ्याची गाडी तात्पुरती चालवायला घेतलीत, की ती तुमच्या मागोमाग त्या गाडीत येऊन बसते. पन्नासही राज्यांत येते, पोर्तो रिकोत येते, कॅनडातही येते. मेक्सिकोच्या हद्दीवर उतरून जाते. तिकडे जाणाऱ्याने तिकडचा विमा घ्यावा. हे सगळं लिहिलेलं असतं. कुठे, तर पॉलिसीच्या पुस्तिकेत, गाडीच्या नुकसानीच्या भागात, व्याख्यांमध्ये. सर्रास वापरल्या जाणाऱ्या मसुद्यात ‘मालकीची नसलेली गाडी’ अशी एक जातच सांगितली आहे. जी तुमची किंवा तुमच्या घरच्यांची नाही, तुम्हाला रोज वापरायला दिलेली नाही, पण सध्या तुमच्या ताब्यात आहे, अशी गाडी. आणि पुढे एक उदार वाक्य आहे. घरातल्या गाड्यांपैकी जिला सगळ्यांत जास्त संरक्षण असेल, तेवढं या परक्या गाडीला मिळेल. म्हणजे घरी एक जुनी खटारा गाडी नुसत्या लायबिलिटीवर, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीच्या विम्यावर, आणि एक नवी गाडी संपूर्ण विम्यावर असेल, तर भाड्याच्या गाडीला नवीचा मान मिळतो. पाहुण्याला चांगलं ताट वाढायची ही रीत मला विमा कंपनीकडून अपेक्षित नव्हती.

त्याच पुस्तिकेत परराज्याचंही एक कलम असतं. तुम्ही ज्या राज्यात गेलात तिथली लायबिलिटीची किमान रक्कम तुमच्या पॉलिसीतल्या रकमेपेक्षा जास्त असेल, तर तिथे असेपर्यंत तुमची रक्कम आपोआप तेवढी धरली जाते. फोन नको, अर्ज नको.

अशी ही गुणी पुस्तिका. ती कुणी वाचत नाही, प्रवासात तर नेतच नाही. खिशात असतं ते विम्याचं कार्ड.

२०२४ च्या जूनअखेरीस बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन कॅलिफोर्नियात सॅन होजेला भरलं होतं. १९८१ साली शिकागोत सुरू झालेल्या या मंडळाचं अधिवेशन साधारण दर दोन वर्षांनी नव्या शहरात भरतं, आणि हजारो मराठी माणसं विमानांनी तिथे उतरतात. मराठी भाषेच्या संवर्धनाला त्याने किती हातभार लागतो यावर परिसंवाद होतात. भाड्याच्या गाड्यांच्या धंद्याला लागतो, याबद्दल दुमत नसावं. त्या गुरुवारी संध्याकाळी विमानतळावरच्या गाड्यांच्या दालनात जी रांग होती तिच्यात ढोलांचे खोके होते, पैठण्यांच्या प्लास्टिक पिशव्या होत्या आणि ‘तुम्ही डॅलसचे ना?’ असे संवाद होते. आमच्याबरोबर आई होती. ती साताऱ्याहून आली होती आणि बॅगेवर बसून डब्यातले लाडू शाबूत आहेत का ते बघत होती.

आमच्या पुढे माझा नाशिकचा मावसभाऊ. तो खास अधिवेशनासाठी बायको-मुलांना घेऊन आला होता आणि पुढे योसेमिटीला जाणार होता. भारताचं लायसन्स, आंतरराष्ट्रीय परमिट, पासपोर्ट. त्याला विचारलं, इथला विमा आहे? तो म्हणाला, ‘छे, माझा कसला विमा!’ मग काउंटरवरच्या मुलाने पडद्यावर काय काय दाखवलं, याने सगळ्याला हो म्हटलं, आणि त्याची पोरं गाडीत कोण पुढे बसणार यावरून भांडू लागली तेव्हा आमचा नंबर नुकता लागला होता. ज्याच्याजवळ विमा नाही त्याच्यासाठी सगळं सुरळीत असतं. दर वर्षी हप्ता भरणाऱ्याची चौकशी होते.

मी आमचं कार्ड पुढे केलं. न्यू जर्सीचं हे कार्ड म्हणजे हिशेबाच्या चिठ्ठीएवढा कागद. पॉलिसी नंबर, मुदत, नाव, आणि खाली गाडीचं वर्ष, मेक आणि सतरा अक्षर-आकड्यांचा चेसिस नंबर. मुलगा सभ्य होता. त्याने कार्ड उजेडात धरून नीट वाचलं.

‘सर, हे होंडा ओडिसीचं आहे.’

‘हो. ती आमची गाडी.’

‘मी तुम्हाला टोयोटा देतोय.’

‘हो.’

‘मग?’

या ‘मग?’ला तोंडी उत्तर आहे, लेखी नाही. कार्डावर फक्त एवढंच सिद्ध होतं, की एडिसनमधल्या एका गॅरेजात उभ्या असलेल्या ओडिसीचा विमा उतरवलेला आहे. आत्ता ती ओडिसी तीन हजार मैलांवर होती आणि तिला कसलाही धोका नव्हता. बायकोने त्याला समजावलं, की पॉलिसी आमच्याबरोबर येते, भाड्याच्या गाडीलाही लागू होते. तो म्हणाला, ‘मॅडम, मी नाही म्हणतच नाही. फक्त तसं कुठे लिहिलंय ते दाखवा.’

आई हे सगळं ऐकत होती. निवृत्त शिक्षिका आहे. कारकुनांशी बोलायचा तिला दांडगा अनुभव आहे. ती म्हणाली, ‘अरे, दर नोव्हेंबरात मी बँकेत जाऊन जिवंत असल्याचा दाखला देते. तिथला साहेब निदान माझ्याकडे बघून तरी घेतो. हा काय बघणार?’

त्या मुलाच्या डोक्यामागे, भिंतीवर, एक पाटी होती. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे गाडी देणाऱ्याने गिऱ्हाइकाला सांगावंच लागतं, की आमचं हे संरक्षण ऐच्छिक आहे, आणि तुमच्या स्वतःच्या विम्यात ते आधीच असू शकतं. पाटी लावून सांगावं लागतं, तोंडानेही सांगावं लागतं. म्हणजे पाटी म्हणत होती तुमच्याकडे असेल बरं का, आणि पाटीखालचा मुलगा म्हणत होता असेल तर दाखवा. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि आमची मागची रांग ढोलांसकट वाढत होती.

बायकोने विमा कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन लावला. न्यू जर्सीत तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते, पण कॉल सेंटरला रात्र नसते. बरंच संगीत ऐकून झाल्यावर एक मृदू आवाजाची बाई आली. बायकोने स्पीकर चालू करून थेट विचारलं, आमचा विमा भाड्याच्या गाडीला लागू आहे ना? बाई म्हणाली, साधारणपणे तुमचं संरक्षण भाड्याच्या गाडीपर्यंत पोचू शकतं, पॉलिसीच्या अटी आणि मर्यादांच्या अधीन राहून. बायको म्हणाली, म्हणजे हो ना? बाईने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा आणखी मृदू. मुलगाही ऐकत होता. ‘हो’ हा शब्द आला की किल्ली द्यायची, अशा तयारीत तो उभा होता. तो आला नाही.

शेवटी काउंटरच्या मॅनेजरबाई आल्या. त्यांनी फोनवरच्या अॅपमध्ये पॉलिसीचं डिक्लेरेशन पेज उघडायला सांगितलं. इकडचे लोक त्याला ‘डेक पेज’ म्हणतात. कोणती गाडी, कोणतं संरक्षण, किती रकमेचं, डिडक्टिबल (आधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम) किती, याचा तो तक्ता. त्यांनी बोटाने दोन ओळी शोधल्या, कोलिजन (धडकेचं नुकसान) आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, आग वगैरे). दोन्हींसमोर डिडक्टिबलचा आकडा होता. ‘झालं,’ त्या म्हणाल्या. वास्तविक त्या पानावरही भाड्याच्या गाडीचा उल्लेख नव्हता. तिथेही ओडिसीच होती. पण त्यांना तेवढ्यावर उरलेलं समजत होतं.

आता हा मुलगा इतका का अडतो, याचा विचार मी अधिवेशनातल्या एका लांबलेल्या भाषणात केला. एक कारण उघड आहे. काउंटरवर विकलेल्या संरक्षणावर तिथल्या लोकांना बऱ्याचदा कमिशन मिळतं, आणि दिवसाकाठी वीस-तीस डॉलरचं ते संरक्षण आठवडाभर घेतलं तर गाडीच्या भाड्याशी स्पर्धा करतं. पण पोराला सगळा दोष देणं मला पटत नाही. एखादी गोष्ट मुळातच धूसर असेल, तर तिचा पुरावा मागणाऱ्यावर रागावण्यात अर्थ नसतो. आणि ही गोष्ट धूसर व्हायला दीडशे वर्षं लागली आहेत.

१८६९ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की विमा हा व्यापार नव्हे, त्यामुळे त्याचं नियमन राज्यांनी करावं. १९४४ साली त्याच न्यायालयाने मत फिरवलं आणि विम्याला आंतरराज्य व्यापारात घातलं. पुढच्याच वर्षी काँग्रेसने मॅक्कॅरन-फर्ग्युसन कायदा करून विम्याचा कारभार परत राज्यांच्या हवाली केला. तेव्हापासून पन्नास राज्यांचे पन्नास कायदे. मॅसॅच्युसेट्सने १९२७ पासून मोटारीचा विमा सक्तीचा केला, देशात पहिल्यांदा. शेजारच्याच न्यू हॅम्पशायरमध्ये तो आजही सक्तीचा नाही. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘स्वतंत्र जगा नाहीतर मरा’ हे राज्याचं ब्रीद लिहिलेलं असतं, आणि बिनविम्याच्या गाडीसमोर आलेल्या माणसाला ते फारच शब्दशः वाटत असणार. कॅलिफोर्नियात लायबिलिटीची किमान रक्कम १९६७ साली ठरली, एका माणसाच्या इजेला १५ हजार डॉलर, सगळ्यांच्या मिळून ३० हजार, दुसऱ्याच्या मालमत्तेला ५ हजार, आणि ती थेट २०२४ संपेपर्यंत चालली. १ जानेवारी २०२५ पासून ती ३०, ६० आणि १५ हजार झाली. आम्ही गेलो तेव्हा जुनेच आकडे होते. पाच हजार डॉलरांत सॅन होजेच्या रस्त्यावरच्या गाडीचा पुढचा बंपर आणि दिवे तरी होतात का, शंकाच आहे.

न्यूयॉर्क आणि मिनेसोटा या राज्यांनी त्यातल्या त्यात माणसाला समजेल असं केलं. तिथल्या घरगुती पॉलिसीत भाड्याच्या गाडीच्या नुकसानीची जबाबदारी कायद्यानेच घातलेली असते, मग तुमच्या स्वतःच्या गाडीवर कोलिजन असो वा नसो. मिनेसोटातला मराठी माणूस काउंटरवर छाती पुढे काढून उभा राहू शकतो. पण राज्याबाहेरच्या काउंटरवरच्या मुलाला मिनेसोटाचा कायदा माहीत असावा, अशी अपेक्षा धरणं कठीण. त्याच्यासमोर दिवसाला पंधरा राज्यांचे लोक येतात.

तसं बघितलं तर विमा हा भाड्याच्या गाडीपेक्षा वयाने मोठा. १८९८ साली बफेलोच्या ट्रूमन मार्टिन या डॉक्टरांनी मोटारीसाठी विमा घेतला, तो या देशातल्या अगदी पहिल्या पॉलिसींपैकी एक. तेव्हा रस्त्यावर दुसरी मोटार भेटण्याचा धोका नव्हता. घोडे बुजण्याचा होता. भाड्याची गाडी आली १९१६ च्या आसपास. नेब्रास्कातल्या ओमाहाच्या जो सॉन्डर्स यांनी आपली फोर्ड मॉडेल टी मैलाला दहा सेंट दराने द्यायला सुरुवात केली आणि मैल मोजायला चाकाला यंत्र बसवलं. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक फिरता विक्रेता, आणि त्याला गावातल्या एका मुलीला फिरवायला न्यायचं होतं, असं सांगतात. त्या बिचाऱ्याला कुणी डेक पेज मागितलं नसणार. मागितलं असतं तर ती मुलगी थांबली असती का, कोण जाणे.

गाडीच्या नुकसानीचं म्हणून काउंटरवर जे संरक्षण विकतात तो मुळात विमाच नसतो, ही गंमत मला अधिवेशनात कळली. आमचे एजंटसाहेब तिथेच भेटले, मसालेभाताच्या रांगेत. गणेशोत्सवात मंडळाच्या आरत्यांना पेटी वाजवतात, बाकी वर्षभर विमा विकतात. ते म्हणाले, ‘अहो, ती नुसती माफी असते. गाडीला काही झालं तर आम्ही तुमच्या मागे लागणार नाही, असं मालकाने पैसे घेऊन दिलेलं वचन. आणि त्यालाही अटी. कच्च्या रस्त्यावर गेलात, करारात नाव नसलेल्याने गाडी चालवली, की वचन संपलं.’ (कॅलिफोर्नियात लायसन्स आणि पुरेसं वय असेल तर नवरा-बायको मात्र नाव न घालताही एकमेकांच्या करारात बसतात. संसाराला कायद्याने दिलेली ही सवलत आम्ही परतीच्या प्रवासात भांडून भांडून वापरली.)

मी त्यांना विचारलं, फोनवरच्या बाईने सरळ हो का म्हटलं नाही? तुम्ही म्हटलं असतंत का?

त्यांनी पापड मोडला. ‘मीही नसतं म्हटलं. पत्र दिलं असतं, पण त्यातही तेच लिहिलं असतं, अटींच्या अधीन वगैरे. हो म्हणायचा अधिकार फक्त क्लेम बघणाऱ्याला, आणि त्याच्याकडे फाईल जाते अपघात झाल्यावर.’

म्हणजे आम्ही काउंटरवर ज्या गोष्टीचा पुरावा शोधत होतो, ती गोष्ट अजून घडलेलीच नव्हती. आणि ती घडू नये म्हणून आई विमानात अथर्वशीर्ष म्हणत आली होती.

एजंटसाहेबांनी मग जे सांगितलं, ते ऐकून मसालेभाताची चव थोडी उतरली. विमा लागू असतो, पण सगळ्याला नसतो. पहिलं, डिडक्टिबल, पाचशे किंवा हजार डॉलर असतील ते आपल्या खिशातून जाणारच, गाडी कुणाचीही असो. दुसरं म्हणजे ठोकलेली गाडी दुरुस्तीला पडली, की तेवढ्या दिवसांचं बुडालेलं भाडं कंपनी आपल्याकडे मागते. शिवाय गाडीची उतरलेली किंमत, शिवाय कागदपत्रांचा खर्च. घरगुती पॉलिसी यातलं बरंचसं देत नाही, किंवा पुरतं देत नाही. मिनेसोटाच्या कायद्याने बुडालेल्या भाड्याचंही बघितलं आहे. बाकीच्यांनी आपली पुस्तिका बघावी. क्रेडिट कार्डाचं संरक्षण इथे कामी येतं, पण ते बहुतेक कार्डांचं दुय्यम असतं, म्हणजे आधी तुमचा विमा, मग उरलेलं ते. त्यासाठी पूर्ण भाडं त्याच कार्डावर भरलेलं हवं आणि काउंटरवरची ती माफी नाकारलेली हवी. आणि कार्ड गाडीचं बघतं, समोरच्या माणसाचं नाही. समोरच्याच्या इजेची जबाबदारी तुमच्या पॉलिसीतल्या लायबिलिटीची. २००५ च्या ग्रेव्ह्ज दुरुस्तीनंतर तर गाडीच्या मालक कंपनीला, तिची स्वतःची चूक नसेल तर, नुसती मालक म्हणून भाडेकरूच्या चुकीत ओढता येत नाही. त्याआधी काही राज्यांत येत असे.

‘आणि ती अॅपवरची गाडी?’ बायकोने विचारलं. हल्ली कुणाची तरी घरची गाडी अॅपवरून दिवसावारी मिळते; आमच्या ओळखीतल्या पोरांनी तशाच घेतल्या होत्या. साहेब म्हणाले, ‘तिथे बऱ्याच पॉलिसी अंग काढून घेतात. ती गाडी त्यांच्या लेखी भाड्याची कंपनीवाली नव्हे. आधी विचारायचं.’ तेवढ्यात आमच्या मागचे फिलाडेल्फियाचे एक काका म्हणाले, ‘मी १९७९ पासून या देशात आहे. कार्ड दाखवतो, सही करतो, निघतो. कुणी काही विचारलेलं नाही.’ साहेब त्यांच्याकडे नम्रपणे बघून म्हणाले, ‘काका, तुम्हाला अपघात झाला नाही म्हणून.’ काका पुढे श्रीखंडाकडे सरकले.

मावसभाऊ अधिवेशनात भेटला तेव्हा मी त्याला विचारलं, किती दिलेस रे संरक्षणाचे? त्याने आकडा सांगितला. भाड्यापेक्षा जास्त होता. पण तो खुशीत होता. लायबिलिटीही त्यात होती, गाडीचीही माफी होती, टायरची आणि किल्ली हरवण्याचीही. परदेशातून आलेल्याला ते घेण्यावाचून फारसा पर्याय नसतो, आणि त्याने ते घेतलं हे चोख केलं. त्याच्या पाठीमागे यायला पाय असलेली पॉलिसी नाहीच. नाशिकची त्याची गाडी, तिचा विमा आणि तिचा नो क्लेम बोनस, तिघंही घरी कुलपात होते.

प्रश्न आहे तो इथे राहणाऱ्यांचा. आपण तीच गोष्ट दोनदा विकत घेतो ती केवळ रांगेच्या लाजेने, हे माझं मत आहे. मागे मंडळाचे अध्यक्ष उभे असतात, पोरं भुकेलेली असतात, आणि एका चौकोनात बोट टेकवलं की सुटका असते. भीतीपेक्षा संकोच जास्त विकतो. ज्याला डोक्याला ताप नको म्हणून पैसे द्यायचे आहेत त्याने खुशाल द्यावेत. डिडक्टिबल आणि बुडालेलं भाडं यांची कटकट त्याने टळते, ते काही फुकट जात नाहीत. फक्त ते समजून द्यावेत. ज्याच्या पॉलिसीत नुसती लायबिलिटी आहे, त्याने तर काउंटरवर वाद घालूच नये. न्यूयॉर्क-मिनेसोटासारख्या राज्यांचा रहिवासी नसेल तर भाड्याच्या गाडीच्या नुकसानीला त्याचा विमा नाही, आणि तो मुलगा बरोबर आहे.

तेव्हा पुढच्या अधिवेशनाचं तिकीट काढाल त्याच आठवड्यात एवढं करा. डेक पेज फोनमध्ये उतरवून घ्या, कारण विमानतळावर अॅप पासवर्ड विचारतं. त्यात कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह या दोन ओळी आहेत का ते बघा. भाड्याची गाडी धरतात का आणि बुडालेलं भाडं देतात का, हे दोन प्रश्न एजंटला ईमेलने विचारा, म्हणजे उत्तरही लेखी येईल. ‘अटींच्या अधीन’ असं येईल, पण काउंटरवर तेवढं चालतं. आणि पत्र हवं असेल तर शुक्रवारी दुपारच्या आत मागा. शनिवार-रविवार ऑफिस बंद असतं, आणि आमचे साहेब पेटीच्या तालमीला गेलेले असतात.